ट्रॉली कोण ढकलतं?

मालिकेतला पेशंट नेहमी दोन झडपांच्या दारातून आत येतो. दार धाडकन उघडतं, ट्रॉली आत घुसते, दोन्ही बाजूंनी चार-पाच डॉक्टर धावत असतात आणि धावता धावता एकमेकांना आकडे ओरडून सांगत असतात. बीपी पडलंय, पल्स लागत नाही, ओटी तयार ठेवा. कॅमेरा पेशंटच्या डोळ्यांच्या जागी असतो, म्हणून छतावरचे दिवे भराभर मागे पळतात. अमेरिकेत १९९४ साली ‘ईआर’ ही मालिका सुरू झाली, तिने हे दृश्य घरोघरी नेलं. आपल्याकडच्या ‘संजीवनी’, ‘दिल मिल गये’पासून ‘मुंबई डायरीज’पर्यंत ते जवळजवळ तसंच चालत आलं आहे.

परळला आचार्य दोंदे मार्गावर केईएम रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीपाशी थोडा वेळ उभं राहिलं तर निराळंच दिसतं. पेशंट टॅक्सीतून येतो, मागच्या सीटवर दोघांच्या मधे, मान एकाच्या खांद्यावर टाकलेली. टॅक्सी थांबली की एकजण ट्रॉली शोधायला पळतो, दुसरा केसपेपर काढायला. ट्रॉली ढकलतात ते मामा, म्हणजे वॉर्डबॉय, आणि मामा दुसऱ्या पेशंटला एक्स-रेला घेऊन गेले असतील तर पेशंटचा मेहुणा. सलाइनची बाटली उंच धरलेला हात बहुतेकदा नातेवाइकाचा असतो. डॉक्टर धावत नाहीत. टेबलापाशी उभ्या असलेल्या रेसिडेंटपुढे आधीच तीन पेशंट असतात. चौथ्याकडे तो मान वळवून बघतो, आणि त्या पाच-दहा सेकंदांत त्याचा अर्धा निर्णय झालेला असतो. श्वास चाललाय का, कातडीचा रंग कसा आहे, हाक मारल्यावर बघतोय का, रक्त कुठून येतंय. हे बघणं त्याला पुस्तकाने कमी आणि आधीच्या शेकडो पेशंटांनी जास्त शिकवलेलं असतं.

पडद्यावरच्या इमर्जन्सीत वैद्यकीय चुका असतात, त्या डॉक्टर मंडळी एकमेकांना दाखवत असतात. पण माझी मोठी तक्रार चुकांबद्दल नाही. परळ-भायखळ्याच्या कॅज्युअल्टीत माणूस वाचतो तो ज्या माणसांमुळे आणि ज्या व्यवस्थेमुळे, ती सगळी पडद्यावरून कापून टाकलेली असतात आणि त्यांच्या जागी एक असामान्य डॉक्टर उभा केलेला असतो. याची किंमत पेशंट मोजतात, नातेवाईक मोजतात, आणि नातेवाइकांचा मार खाणारे रेसिडेंटही मोजतात.

चुकांचं आधी उरकून घेऊ. मॉनिटरवर सरळ रेघ येते, लांब टूंऽऽ असा आवाज होतो, डॉक्टर छातीला शॉक देतात आणि रेघ पुन्हा नाचू लागते. प्रत्यक्षात सरळ रेघेला शॉक देत नाहीत. शॉक उपयोगी पडतो तो हृदयाचे स्नायू बेताल थरथरत असताना. त्या थरथरीला एकदम थांबवून हृदयाला पुन्हा आपली लय पकडू द्यायची, एवढंच ते यंत्र करतं. रेघच सरळ झाली असेल तर उरतो तो छातीवरचा दाब, अ‍ॅड्रेनलिन आणि कारणाचा शोध. छातीवरचा दाबही पडद्यावर खोटाच असतो, आणि तो खोटा असावाच लागतो. खरा दाब पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा द्यायचा असतो. त्यात बरगड्या मोडतात. धडधाकट नटावर तसा दाब देता येत नाही, म्हणून नट कोपरं वाकवून नुसते हलतात. बघणारा तेच शिकतो.

याचा हिशेब अमेरिकेत मांडला गेला आहे. १९९६ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये तीन डॉक्टरांनी ‘ईआर’, ‘शिकागो होप’ आणि ‘रेस्क्यू ९११’ या कार्यक्रमांचे ९७ भाग बघून लेख लिहिला. त्या भागांत साठ वेळा बंद पडलेलं हृदय पुन्हा सुरू करण्याचे प्रयत्न होते. पंच्याहत्तर टक्के पेशंट त्या क्षणी वाचले आणि सदुसष्ट टक्के घरी गेल्यासारखे दाखवले होते. खऱ्या अमेरिकेत, रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्यांपैकी दहांत एखादा घरी परततो. शिवाय पडद्यावरचे पेशंट बहुतांशी तरुण आणि अपघातातले होते. प्रत्यक्षात हा प्रसंग येतो तो जास्त करून वयस्कर, हृदयविकाराच्या माणसांवर.

नातेवाइकाला वाटतं, शॉक दिला असता तर उठले असते. डॉक्टर बाहेर येऊन सांगतात की आम्ही चाळीस मिनिटं प्रयत्न केला, पण ऐकणाऱ्याने पडद्यावर दोन मिनिटांत माणूस उठून बसलेला पाहिलेला असतो. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांना अपुरी माणसं, अपुऱ्या खाटा, न समजावून सांगणं अशी बरीच कारणं आहेत आणि ती मालिकांहून जुनी आहेत. २०१० साली महाराष्ट्राला त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला, आणि तरीही मार्च २०१७ मध्ये राज्यभरचे निवासी डॉक्टर सुरक्षितता मागत कामावरून उठले. पण ‘वाचायला हवा होता’ ही जी पक्की खात्री संतापाच्या मुळाशी असते, ती घडवण्यात पडद्याचा वाटा आहे, असं मला निश्चित वाटतं.

‘मुंबई डायरीज’चा पहिला भागसंच सप्टेंबर २०२१ मध्ये अ‍ॅमेझॉन प्राइमवर आला. निखिल अडवाणींची ही मालिका २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईवर झालेल्या दहशतवादी हल्ल्याच्या रात्री ‘बॉम्बे जनरल’ नावाच्या काल्पनिक सरकारी रुग्णालयात घडते. भारतीय पडद्यावरची सरकारी कॅज्युअल्टी इतकी कळकट आणि इतकी गजबजलेली आधी क्वचितच दिसली होती. पोपडे आलेल्या भिंती, खाट नसल्याने जमिनीवर टाकलेले पेशंट, मधेच संपणारी औषधं. पुष्कराज चिरपुटकरने त्यात वॉर्डबॉय समर्थ जोशी उभा केला आहे. वॉर्डबॉयला नाव आहे, आडनाव आहे, घर आहे, ही आपल्याकडच्या रुग्णालयाच्या गोष्टीत नवी गोष्ट होती, आणि त्याबद्दल मालिकेचे आभार मानायला हवेत. मृण्मयी देशपांडेची शिकाऊ डॉक्टर सुजाता अजावले कामाच्या पहिल्याच दिवशी या रात्रीत सापडते. तिचा गोंधळ आणि तिचा निग्रह दोन्ही खरे वाटतात.

मालिकेचा कणा मात्र डॉ. कौशिक ओबेरॉय आहे. नियम मोडणारा, कुणाचं न ऐकणारा, हाताला यश असलेला ट्रॉमा सर्जन. मोहित रैनाने तो ताकदीने केला आहे, पण ही व्यक्तिरेखा आली कुठून हे पाहायला हवं. अमेरिकेत इमर्जन्सी मेडिसिन ही स्वतंत्र विद्याशाखा १९७९ साली मान्य झाली. तिथला इमर्जन्सीचा डॉक्टर त्या विभागाचा मालक असतो. पेशंट दारातून आत आला की तो त्याचा. ‘ईआर’ लिहिणारे मायकेल क्रायटन स्वतः हार्वर्डमध्ये डॉक्टरकी शिकलेले होते, त्यांनी हीच रचना पडद्यावर आणली. भारतीय वैद्यक परिषदेने या शाखेला मान्यता दिली ती २००९ साली. म्हणजे ज्या रात्रीची गोष्ट ‘मुंबई डायरीज’ सांगते, त्या रात्री आपल्या देशात ही शाखा अधिकृतपणे अस्तित्वातच नव्हती.

मग त्या रात्री मुंबईत इमर्जन्सी चालवत कोण होतं? जी रचना अनेक दशकं चालत आली होती, तीच. दाराशी सीएमओ, म्हणजे कॅज्युअल्टीचा मेडिकल ऑफिसर. तो पेशंट बघणार, केसपेपरवर लिहिणार आणि सर्जरीला, ऑर्थोला, मेडिसिनला कॉल पाठवणार. त्या त्या विभागाचा रेसिडेंट खाली येणार, त्याच्या वर लेक्चरर, त्याच्या वर युनिटचे प्रमुख. प्रत्येक युनिटचा आठवड्यात ठरलेला इमर्जन्सी दिवस. आपत्तीच्या रात्री हे दिवस पुसले जातात. हॉस्टेलमधून सगळेच खाली उतरतात, आदल्या रात्रीची ड्यूटी करून झोपलेलेही. हे नाट्य एका नायकाच्या नाट्याहून मोठं आहे. कोण कुठल्या टेबलाला उभा राहील, कोण रक्तपेढीशी बोलेल, कोण बाहेर नातेवाइकांना नावं वाचून दाखवेल, हे काही मिनिटांत ठरतं, आणि ते ठरवणारा माणूस बहुधा स्वतः सुरीला हात लावत नाही.

त्या रात्री सीएसएमटी स्थानकावर ५८ माणसं मारली गेली, शंभराहून अधिक जखमी झाली. जखमी सेंट जॉर्ज, जीटी, जेजे अशा रुग्णालयांत पोहोचले. गिरगाव चौपाटीला पकडलेला दहशतवादी कसाब नायरमध्ये नेला गेला आणि त्याच्यावर उपचार झाले. त्याच रात्री कामा रुग्णालयावर हल्ला झाला. मालिकेने हे सगळे धागे एका इमारतीत आणले. गोष्टीची ती गरज समजू शकते. पण कामामध्ये जे घडलं ते सांगताना सर्जनची गरजच पडत नाही.

कामा हे बायकांचं रुग्णालय, १८८६ सालचं. गरोदर बायकांच्या वॉर्डात त्या रात्री अंजली कुलथे या परिचारिका ड्यूटीवर होत्या. खाली गोळीबार झाला, पहारेकरी पडलेले त्यांनी खिडकीतून पाहिले, आणि बंदूकधारी जिना चढून येत होते. त्यांनी वॉर्डची जड दारं लावली, वीस गरोदर बायकांना पलीकडच्या पँट्रीत हलवलं, दिवे बंद केले. एका सहकारी कर्मचाऱ्याला गोळी लागली होती, तिला उपचारापर्यंत पोहोचवलं. त्यातच एका बाईला कळा सुरू झाल्या. तिला भिंतीच्या कडेकडेने हाताला धरून प्रसूतिकक्षात नेलं, आणि गोळीबार चालू असताना ते बाळंतपण पार पडलं. पुढे कुलथे यांनी न्यायालयात साक्ष दिली, कसाबला ओळखलं. डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे त्यांनी ती रात्र सांगितली.

इमर्जन्सीतलं वैद्यकीय कौशल्य म्हणजे काय, याचं यापेक्षा नेमकं उदाहरण मला माहीत नाही. कुणाला हलवायचं, कुणाला हलवायचं नाही, कुणाला शांत ठेवायचं, कुठलं दार लावायचं. पडद्यावर सिस्टर ‘येस डॉक्टर’ म्हणायला आणि ट्रे पुढे करायला असते.

आता एल्फिन्स्टन रोड स्थानकाचा पादचारी पूल. २९ सप्टेंबर २०१७, शुक्रवार, दसऱ्याचा आदला दिवस. सकाळी साडेदहाच्या सुमाराला पाऊस आला, पुलावर माणसं थांबली, खालून गाड्यांमागून गाड्यांनी आणखी माणसं वर आणली. चेंगराचेंगरीत तेवीस जण गेले. केईएम तिथून पायी जाण्याइतकं जवळ.

अशा गर्दीत माणूस मरतो तो बहुधा तुडवला गेल्याने मरत नाही. छाती चारी बाजूंनी दाबली जाते, ती फुगवायला जागा राहत नाही, श्वास आत घेता येत नाही. काही मिनिटांत संपतं. पुष्कळदा अंगावर जखमही नसते. रुग्णालयात एकाच वेळी अशी माणसं आली की डॉक्टरांना एक कठोर काम करावं लागतं, ते म्हणजे वाटणी. लाल, पिवळा, हिरवा, काळा. लाल म्हणजे आत्ता हात लावला तर वाचेल, पिवळा थांबू शकतो, हिरवा चालत आला आहे, आणि काळ्यापाशी थांबायचं नाही. एरवी ज्याच्या छातीवर अर्धा तास दाब दिला असता, त्याच्यापाशी या दिवशी थांबायचं नाही, कारण तेवढ्या वेळात लालमधले दोघं जातील. तिशीच्या आतल्या रेसिडेंटला हा निर्णय उभ्या उभ्या घ्यावा लागतो आणि त्याच संध्याकाळी पुढच्या ड्यूटीला उभं राहावं लागतं.

त्या दिवशी केईएमने मृतांच्या कपाळावर मार्करने आकडे लिहिले आणि त्यांचे फोटो आकड्यांसह फलकावर लावले. त्याचे फोटो सगळीकडे पसरले आणि लोक हादरले. मृतदेहाची विटंबना म्हणून टीका झाली. न्यायवैद्यक विभागाने बाजू मांडली, की ओळख न पटलेल्या देहांपुढून प्रत्येक नातेवाइकाला नेण्यापेक्षा फोटो आणि आकड्यांवरून ओळख पटवणं कमी क्लेशाचं आणि कमी गोंधळाचं होतं.

मला हा प्रसंग अजून अवघड वाटतो. कपाळावर आपण कुंकू लावतो, बुक्का लावतो, अखेरच्या आंघोळीनंतरही तिथेच काही लावतो. त्या जागी काळ्या शाईचा आकडा पाहणाऱ्या आईला काय झालं असेल, याची कल्पना करता येते. मनगटाला पट्टी बांधता आली असती, हेही खरं. पण रुग्णालयाच्या गेटवर शेकडो माणसं आपापला माणूस शोधत असताना तीन-चार तासांत ओळख पटवून देह सोपवायचे, हे कामही तितकंच खरं होतं, आणि ते कुणाला तरी करावंच लागणार होतं. एकीकडे व्यवस्थेची निकड, दुसरीकडे माणसाच्या देहाची अदब, आणि दोन्हीपैकी एकही बाजू खोटी नाही. चांगल्या लेखकाच्या हाती पडला तर हा प्रसंग एका भागभर पुरेल. अमेरिकेत २०२५ च्या जानेवारीत आलेल्या ‘द पिट’ने अशा गोष्टींना जागा दिली. पंधरा भाग, प्रत्येक भाग म्हणजे ड्यूटीचा एक तास. बाहेर तासन्‌तास ताटकळणारे पेशंट, रिकामी खाट नसल्याने आत अडकून पडलेले पेशंट, नर्सेसची कमतरता. तिथल्या इमर्जन्सीच्या डॉक्टरांनी तिला आपली मानली ती यामुळे.

हिंदी-मराठी पडद्याने रुजवलेलं एक वाक्य मात्र फार नुकसान करून गेलं आहे. ‘ये पुलिस केस है, पहले पुलिस को बुलाइए.’ सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट सांगितलं, की जखमीवर आधी उपचार, कागद मागाहून, आणि हे सरकारी-खासगी सगळ्याच डॉक्टरांचं कर्तव्य आहे. मदत करणाऱ्याला पोलिसांनी आणि रुग्णालयाने अडकवून ठेवू नये, म्हणून २०१६ मध्ये न्यायालयाने नियमावली मंजूर केली आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात तशी तरतूदही आली. तरीही दादरच्या टिळक पुलाखाली कुणी पडलेलं दिसलं तर चारजण मागे सरकतात, ‘लफड्यात कशाला पडा’ म्हणतात. पोलीस केसचं प्रत्यक्षात काय होतं? केसपेपरवर एमएलसी, म्हणजे मेडिको-लीगल केस, असा शिक्का पडतो, रुग्णालयातल्या पोलिसाला कळवलं जातं, आणि पेशंट तोवर टेबलावर असतो. पडद्यावर हे दाखवायला अर्धं मिनिटही लागणार नाही.

रक्ताची गोष्ट तर थेट परळचीच आहे. ‘अमर अकबर अँथनी’मध्ये १९७७ साली तीन मुलांचं रक्त एकाच वेळी आईला चढताना आपण पाहिलं आणि डोळे पुसले. ती दंतकथा आहे, तिला वैद्यकाचे प्रश्न विचारू नयेत. पण तिच्या पंचवीस वर्षं आधी, १९५२ साली, केईएममध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढे असं रक्त आलं होतं, जे नेहमीच्या तपासणीत ‘ओ’ गटाचं वाटत होतं, पण ‘ओ’ गटाच्या रक्ताशीही जुळत नव्हतं. ज्या मूळ पदार्थापासून ‘ए’ आणि ‘बी’ ही चिन्हं तयार होतात, तो एच पदार्थच या माणसांच्या रक्तपेशींवर नव्हता. म्हणून त्यांचं रक्त जगातल्या बहुतेक प्रत्येकाच्या रक्ताला परकं मानत होतं. ‘लॅन्सेट’मध्ये तो शोध छापून आला आणि गटाला नाव मिळालं ‘बॉम्बे’. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा हा गट असतो.

अशा माणसाला घाईत ‘ओ’ रक्त चढवलं तर ते जिवावर बेततं. त्याला वाचवते ती क्रॉस-मॅच. दात्याचं आणि पेशंटचं रक्त काचेच्या नळीत एकत्र करून गुठळ्या होतात का ते बघायचं. त्याला पाऊण तास लागू शकतो. कॅज्युअल्टीत पेशंटचं बीपी पडत असताना रक्तपेढीतला तंत्रज्ञ तो वेळ घेतो. वरून फोनवर फोन येत असतात, तरी तो नळी हलवत बसतो. इमर्जन्सीच्या कुठल्याही मालिकेत हा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

नातेवाइकांचंही तसंच. मालिकेत ते ओटीबाहेर येरझाऱ्या घालतात, दारावरचा लाल दिवा विझायची वाट बघतात. सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांत नातेवाईक हा उपचाराचा भाग असतो. व्हेंटिलेटर रिकामा नसला तर श्वासनलिकेत ट्यूब टाकलेल्या पेशंटला हाताने दाबून श्वास देणारी अ‍ॅम्बू बॅग त्याच्या हातात येते. सिस्टर शिकवतात, दाबा, सोडा, मनात पाचपर्यंत मोजा, पुन्हा दाबा. मुलगा दाबतो, मग सून, मग भाऊ, पाळीपाळीने, रात्रभर. हाताला पेटके आले तरी थांबता येत नाही. ही व्यवस्थेची लाजिरवाणी उणीव आहे, व्हेंटिलेटर असायलाच हवेत. पण आपल्या माणसाचा प्रत्येक श्वास आपल्या मुठीतून जातो आहे, हे कळत असताना घालवलेली रात्र पडद्यावर कुणी दाखवत नाही, याचं मला आश्चर्य वाटतं. ज्यांच्या घरात हे घडलं आहे असे प्रेक्षक लालबागच्या प्रत्येक चाळीत सापडतील.

पेशंट वाचल्यानंतरचा काळ तर मालिकांतून जवळजवळ गायबच असतो. २०१८ साली ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ या अमेरिकी मालिकेच्या २६९ भागांतले २९० जखमी पेशंट आणि तिथल्या राष्ट्रीय नोंदींतले खरे जखमी यांची तुलना प्रसिद्ध झाली. पडद्यावर मृत्यू जास्त होते, बावीस टक्के, खऱ्या नोंदींत सात. पडद्यावर इमर्जन्सीतून थेट ऑपरेशनला जाणारे एकाहत्तर टक्के, प्रत्यक्षात पंचवीस. पण मला महत्त्वाचा वाटतो तो पुढचा आकडा. वाचल्यानंतर दीर्घकाळ शुश्रूषेच्या ठिकाणी पाठवावे लागलेले पडद्यावर सहा टक्के होते, प्रत्यक्षात बावीस. पडद्यावर माणूस एक तर मरतो, नाही तर आठवड्यात घरी जातो. मधली अवस्था नाही. काठीने चालणारा, बोलताना अडखळणारा, नोकरी गेलेला, बायकोच्या आधाराने अंघोळीला जाणारा माणूस नाही.

कोमाचं तर विचारूच नका. २००५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने अमेरिकेतल्या नऊ रोजच्या मालिकांमधल्या कोमात गेलेल्या चौसष्ट पात्रांचा हिशेब छापला. सत्तावन्न पूर्ण बरी झाली, एकोणनव्वद टक्के. आपल्या संध्याकाळच्या मालिकांचा हिशेब कुणी मांडला तर तो याहून वेगळा निघेल असं वाटत नाही. लग्नाचा मुहूर्त येतो आणि नायकाची बोटं हलतात.

केईएमच्या वॉर्ड नंबर चारमध्ये तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ ला त्याच रुग्णालयात त्यांच्यावर हल्ला झाला. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला गेल्यामुळे मेंदूला रक्त मिळालं नाही. १८ मे २०१५ ला न्यूमोनियाने त्या गेल्या. मधल्या काळात परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या. प्रत्येक नव्या तुकडीला त्यांची ओळख करून दिली जाई. त्यांना भरवणं, कूस बदलणं, स्वच्छ ठेवणं हे वॉर्डाने आपलं मानलं होतं. त्यांचा आहार थांबवून त्यांना मोकळं करावं अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली, तेव्हा केईएमच्या कर्मचाऱ्यांनी विरोध केला. न्यायालयाने ७ मार्च २०११ च्या निकालात त्यांचं म्हणणं मानलं, आणि त्याच निकालात निष्क्रिय दयामरणाला तत्त्वतः वाटही करून दिली. इमर्जन्सीत एखादा जीव वाचतो, तेव्हा पुढे काय काय वाचवावं लागतं हे त्या वॉर्डाला ठाऊक होतं. हजारो वेळा बदललेली कूस आणि तितक्याच वेळा बदललेली चादर, एवढं मोठं काम तिथे झालं.

मराठीत या विषयावर भक्कम मालिका नाही, हे मला खटकतं. विजया मेहतांनी १९९१ च्या सुमारास दूरदर्शनसाठी ‘लाइफलाइन’ केली, ती हिंदीत. त्यानंतर मराठी वाहिन्यांवर डॉक्टर नायक भरपूर आले. ‘रंग माझा वेगळा’चा कार्तिक डॉक्टर होता, ‘डॉक्टर डॉन’मध्ये तर मेडिकल कॉलेजच होतं. पण डॉक्टरकी ही नायकाच्या गळ्यातली शोभा राहिली. सामग्री तर हाताशी आहे. सर्जन डॉ. रवी बापट यांनी ‘वॉर्ड नंबर पाच, केईएम’ लिहून त्या रुग्णालयाचं जग मराठीत आणलं आहे. डॉक्टर असलेल्या नटांची आपल्याकडे परंपरा आहे. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते, अमोल कोल्हे तर केईएमच्याच कॉलेजात शिकले. गिरणगावचा प्रेक्षक या रुग्णालयाचे जिने, कँटीन, फाटकाबाहेरचे फळवाले सगळं ओळखतो. दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत राज्यभरातून आलेले पेशंटांचे नातेवाईक मुक्कामाला असतात. त्यांच्या एकेका कुटुंबात मालिकेच्या एका वर्षाला पुरेल एवढी गोष्ट असते.

लिहिणाऱ्याने कुठून सुरुवात करावी असं मला कुणी विचारलं, तर मी गोपाळकाल्याचा दिवस सांगेन. पालिकेची रुग्णालयं त्या दिवसासाठी खाटा राखून ठेवतात. दुपारपासून गोविंदा येऊ लागतात, दादरच्या, लालबागच्या, गिरगावच्या पथकांतले. कुणाचं मनगट, कुणाचा खुबा, कुणाचं डोकं. सगळ्यांत भीती असते ती मानेची. वरच्या थरावरून पोरगा मानेवर पडला की खालचे चौघं प्रेमाने त्याला उचलतात, बसवतात, पाणी पाजतात, खांद्यावर टाकून गाडीकडे पळतात. मणका मोडलेला पण मज्जारज्जू शाबूत असतो, आणि त्या उचलण्यात तो चिरडला जाऊ शकतो. कॅज्युअल्टीत पोहोचेपर्यंत पाय गेलेले असतात. हे घडायला कुणाचा दुष्टपणा लागत नाही, सगळे त्याचे मित्रच असतात.

या भागात शॉक नको, धावती ट्रॉली नको. पथकाच्या सरावाला आलेली एक सिस्टर हवी, जी पोरांना मैदानावर झोपवून दाखवते. एकाने डोक्याशी गुडघे टेकून दोन्ही तळहातांनी डोकं धरायचं, मान शरीराच्या रेषेत ठेवायची आणि हुकूम फक्त त्यानेच द्यायचा. तिघांनी एका बाजूने खांदे, कंबर, पाय धरायचे. तीन म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम वळवायचं, फळी खाली सरकवायची, डोक्याच्या दोन्ही बाजूंना टॉवेलच्या गुंडाळ्या लावून पट्टीने बांधायचं. पाणी पाजायचं नाही. श्वास थांबला असेल तर मात्र मानेची चिंता बाजूला ठेवून छातीवर दाब सुरू करायचा. एकाने १०८ ला फोन लावायचा, आणि दोघांनी पुढे जाऊन गर्दीतून अँब्युलन्सला वाट करून द्यायची.